शोकाकुल : अण्णा मगदूम मित्रमंडळ

"आपले किती?" शोभाअक्कांनी विचारलं.

त्यांच्या हातात सुरी होती आणि पुढ्यात ताटभर काजू-बदाम. दुसऱ्या दिवशी माझ्या रेवाचं उष्टावण होतं. सहा महिन्यांची मुलगी पहिल्यांदा खीर चाटणार, म्हणून स्वप्नपूर्ती अपार्टमेंटमधल्या बायका दुपारपासून माझ्या हॉलमध्ये सुकामेवा कापत बसल्या होत्या. समोर टीव्ही चालू होता. युरोपातून आखाताकडं निघालेलं एक प्रवासी विमान, युद्ध चाललेल्या कुठल्याशा देशावरून जाताना खाली आलं होतं. आलं नव्हतं, पाडलं होतं, असं निवेदक घसा ताणून सांगत होता. पडद्यावर खेळण्यातल्यासारखं एक विमान पुन्हापुन्हा पेट घेत होतं.

"तीन म्हणायलेत," कोणीतरी उत्तर दिलं.

"तीनच? मग बरं." शोभाअक्कांनी पुढचा बदाम उचलला.

सोफ्यावर कुंभोजे सर होते. भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांच्या घरी टीव्हीवर नातवाची सत्ता होती, त्यामुळं जगात काहीही घडलं की ते आमच्याकडं यायचे. त्यांनी ताटातले चार काजू उचलून टीपॉयवर मांडले. "हा काजू म्हणजे तो देश. हा शेजारी. क्षेपणास्त्र हितनं सुटलं. विमान हे असं यायलंय..." विमानासाठी त्यांनी एक अख्खा अक्रोड घेतला.

"सर, काजूचा भाव ठाऊक हाय का?" शोभाअक्का म्हणाल्या. "युद्ध बेदाण्यावर करा की."

सगळे हसले. मीही हसले. रेवा माझ्या मांडीवर झोपली होती, आणि तिच्या नाकापाशी बोट धरून श्वास चालू आहे ना, हे मी मधूनमधून बघत होते. त्या काळात मी तसं सारखंच बघायचे. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या बाईला कुठल्या गोष्टीची शक्यता किती नगण्य आहे, हे नेमकं माहीत असतं. पण नगण्य म्हणजे शून्य नव्हे, हेही तिलाच माहीत असतं.

"आत्या, जरा कात्री देता?" मी स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारलं. सासूबाईंना आमच्याकडं आत्या म्हणतात. "ही तांदळाच्या पिठाची पिशवी फोडायचीय."

"कापडाची हाय," आतून उत्तर आलं. "कागदा-प्लास्टिकला लावायची न्हाई. दातानं फोड."

आत्यांनी तीस वर्षं इचलकरंजीत ब्लाउज शिवले होते. त्यांची ती काळ्या मुठीची कात्री घरात कोणालाही हात लावायला मिळायची नाही. दातानं पिशवी फोडणं माझ्या स्वच्छतेच्या नियमात बसत नव्हतं. मी पिशवी तशीच ठेवली. आमचं दोघींचं एकूण असंच चालायचं. रेवाला घेण्याआधी हात धुवा, असं मी त्यांना सांगायचे. त्या हात धुवायच्या आणि पुसता पुसता माझ्याकडं बघायच्या.

तेवढ्यात अण्णा मगदूम आले. शोभाअक्कांचे यजमान, सोसायटीचे चेअरमन आणि 'अण्णा मगदूम मित्रमंडळा'चे संस्थापक, अध्यक्ष आणि बहुतेक वेळा एकमेव सभासद.

"बघितलं न्हवं? मी म्हणत होतो, गच्चीवर मोबाईलचा टॉवर नको. उद्या वरनं कुणी बघितलं तर काय वाटंल त्यास्नी?"

"इचलकरंजीवर कोण टाकतंय क्षेपणास्त्र, अण्णा?"

"का? एवढे माग हायेत. वस्त्रनगरी हाय आपली." अण्णांना थोडा अपमान झाल्यासारखं वाटलं असावं. मग खुर्चीत टेकता टेकता, सहज, त्यांनी विचारलं, "धैर्यशील कुठवर आला?"

धैर्यशील माझा नवरा. एका कारखानदारासाठी जुने माग बघायला तो तीन आठवडे बेल्जियमला गेला होता आणि लेकीच्या उष्टावणासाठी परत येत होता.

"दुपारीच बसलेत विमानात," मी म्हणाले.

सुऱ्या थांबल्या.

सगळ्यांनी आधी टीव्हीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग रेवाकडं. कुंभोजे सरांनी टीपॉयवरचा अक्रोड हळूच उचलून खिशात टाकला.

"अहो, त्यांचं विमान वेगळं आहे," मी हसत म्हणाले. "कंपनी वेगळी, नंबर वेगळा. मी लिहून फ्रिजवर लावलाय. ते आखातात उतरून दुसऱ्या विमानानं मुंबईला येणार आहेत."

"हेबी आखातातच चाललं होतं," कोणीतरी पुटपुटलं.

"हो, पण नंबर—"

"असू दे, असू दे." शोभाअक्का उठून माझ्याजवळ आल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवू लागल्या. तासाभरापूर्वी त्याच मला म्हणाल्या होत्या, सुकामेवा कापायच्या आधी हात धुवा असं कुणी सांगतं का गं घरी आलेल्या बाईला. "बोल, बोल. मनात ठेवू नगंस. धक्का बसतोच."

"मला धक्का बसलेला नाही."

"बघा," त्या मागं वळून म्हणाल्या, "तिला कळंना झालंय."

यानंतर मी जे जे बोलले ते सगळं माझ्याविरुद्धच गेलं. नंबर सांगितला तर 'पाठ करून बसलीय बिचारी'. शांत बसले तर 'दगड झालाय तिचा'. फोन लावून बघितला, बंद लागला, आणि विमानात बसलेल्या माणसाचा फोन बंदच असतो असं म्हटलं, तर दोघी-तिघींनी डोळ्याला पदर लावला. मघाशी तीन माणसं मेल्यावर 'मग बरं' म्हणणारी हीच माणसं होती. मेलेल्यांचा आकडा तिकडं टीव्हीवर एकशेऐंशीचा दोनशे चाळीस झाला, पुन्हा दोनशे दहा झाला. तिकडं आता कोणाचं लक्ष नव्हतं. आता आपलं माणूस मिळालं होतं.

कोणीतरी काजूच्या ताटावर वर्तमानपत्र झाकलं. कोणीतरी चौकटीवर सकाळीच बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण सोडून चपलांच्या कपाटावर ठेवलं. अण्णांनी आचाऱ्याला फोन लावला. "हां, उद्याचं रद्द. न्हाई, न्हाई, आता न्हाईच. तेराव्याचं मागनं बघू." माझ्याकडं पाठ करून बोलले म्हणजे मला ऐकू येणार नाही, असा त्यांचा समज होता.

"अण्णा, काय करताय?" मी उठले. "सांगतेय ना मी, नंबर वेगळा आहे!"

तेव्हा कुंभोजे सर खाकरले. वर्गात बोलायच्या आधी खाकरत असावेत, तसे.

"वैनी, सांगू नये, पण सांगतो. हल्ली दोन कंपन्यांचं मिळून एकच विमान असतं. तिकिटावर एका कंपनीचा नंबर, विमानावर दुसरीचा. माझा भाचा दुबईला गेला तेव्हा त्याचं असंच झालं. एका नंबरचं तिकीट, बसला दुसऱ्याच नंबरच्या विमानात. विमान एकच."

खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. समाधानाचा म्हणू नये, पण दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

मी फ्रिजपाशी गेले. नंबर तोच होता, माझ्याच अक्षरात, मोठ्या आकड्यांत. आणि आता त्याला काही अर्थ उरला नव्हता. कुंभोजे सर इतर शंभर बाबतींत चुकले असते, पण ही गोष्ट खरी होती. मी कुठंतरी वाचलेली होती. एवढा वेळ ती मला आठवली नव्हती, की मी आठवू दिली नव्हती? मी रेवाला घट्ट धरलं, ती जागी होऊन रडायला लागली.

"रडू दे तिला," शोभाअक्का म्हणाल्या. "लेकराला कळतं बापाचं." मग त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं. उष्टावणासाठी कालच हिरव्या बांगड्या भरल्या होत्या मी. "ऱ्हाऊ देत आत्ता," त्या हळूच म्हणाल्या, "ते नंतर बघू."

मी हात पदराखाली घेतले.

अण्णा जवळ आले. आवाज अगदी खाली. "वैनी, धैर्यशीलचा एखादा चांगला फोटो हाय का? मोबाईलवर पाठवा. चेहरा स्पष्ट पायजे."

वकिलातीला वगैरे पाठवायचा असेल, असं मला वाटलं. या सगळ्या गर्दीत एक माणूस तरी काही कामाचं करतोय, असंही वाटलं. मी गेल्या गणपतीतला फोटो पाठवला, फेटा बांधलेला. "तारखा सांगता? म्हणजे, जन्माची?" त्यांनी विचारलं. मी तीही सांगितली. वकिलातीला लागत असेल.

दिवेलागण झाली तरी देवापाशी दिवा लावायचं कोणाच्या लक्षात नव्हतं. शोभाअक्का मधेच वर आपल्या घरी जाऊन आल्या, आणि येताना त्यांच्या दोन्ही हातांत एक पातेलं होतं, वर ताट झाकलेलं. ते ताट जरा सरकलं आणि हॉलभर वास पसरला. लसूण, हिंग, बेसन.

पिठलं.

ज्या घरातलं माणूस गेलंय तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भात घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. आमच्याकडं सगळ्यांना हे माहीत असतं. कोणी समजावून सांगावं लागत नाही. तो वास नाकात गेला आणि इतका वेळ जे 'असेल', 'नसेल' होतं, ते एकदम झालं.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दुपारपासून त्या बाहेर आल्या नव्हत्या. बायका त्यांना दोनदा धीर द्यायला आत गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा लगेच परत आल्या होत्या.

"काय हाय त्यात?" त्यांनी विचारलं.

"कुठं काय, आत्या. थोडं पिठलं-भात." शोभाअक्कांचा आवाज ओला झाला. "तुम्ही आज काय करू नका. गॅसला हात लावू नका. आम्ही हाय न्हवं?"

"कुणाचा फोन आलाय का?"

"न्हाई, पर—"

"मग कशाचं पिठलं?"

त्या आत गेल्या. आतून लायटरचा आवाज आला. खट. खट. खट. तिसऱ्या वेळी गॅस भसकन पेटला. मग कुकर आदळला, भांडी आदळली, हरभऱ्याची डाळ रोवळीत खळखळली. पुरणाची डाळ. आपल्या घरात चूल पेटलेली आहे, हे सगळ्या मजल्यांना कळावं अशा बेतानं त्या आवाज करत होत्या.

"बाई कठोर हाय," कोणीतरी कुजबुजलं.

"मृदुला," आतून हाक आली, "पोरीला दे हिकडं. तुझ्या थरथरीनं ती रडाय लागलीय."

मी आत गेले. आत्यांचे दोन्ही हात डाळीच्या पाण्यानं भिजलेले होते. त्यांनी ते लुगड्याला पुसले आणि पुढं केले. मी रेवाला त्या हातांत दिलं. हात धुवा म्हणायचं माझ्या ध्यानातही आलं नाही. दोघी गॅसच्या निळ्या आचेकडं बघत उभ्या राहिलो.

कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि माझा मोबाईल वाजला. अनोळखी, लांबलचक नंबर. बोटं वळत नव्हती, कुठंतरी दाबलं गेलं आणि फोन स्पीकरवर लागला.

"हां, मृदुला? अगं, इथं डायपर फार स्वस्त आहेत. रेवाला मीडियम लागतात का लार्ज?"

हॉलमधून माणसं स्वयंपाकघराच्या दारात येऊन चिकटली.

"हॅलो? ऐकू येतंय का? एका केरळच्या माणसाचा फोन घेतलाय, माझी बॅटरी गेली. लवकर सांग. मीडियम?"

"कुठं आहात तुम्ही?"

"कुठं म्हणजे? उतरलो की. विमानतळावर. दोन तास उशीर झाला, कुठलंतरी आकाश बंद केलंय म्हणे. का गं?"

"लार्ज," आत्या म्हणाल्या, आणि कुकरखालचा गॅस बंद करून खाली बसल्या.

मग जो आनंदीआनंद झाला तो खरा होता, असं मी मानते. शोभाअक्कांनी माझ्या गालावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. चपलांच्या कपाटावरचं तोरण पुन्हा चौकटीवर चढलं, देवापाशी दिवा लागला, आचाऱ्याला पुन्हा फोन गेला. कुंभोजे सरांनी खिशातला अक्रोड काढून ताटात परत ठेवला. "मी नुसती शक्यता सांगितली होती," ते म्हणाले. अण्णा मात्र बाल्कनीत जाऊन कोणाला तरी फोनवर विनवत होते. "थांबव रे! थांबव... झालं? सगळं झालं? अर्धंबी राहिलं न्हाई का?"

टीव्ही चालूच होता. आता पहिल्यांदा खरी चित्रं आली होती. सूर्यफुलांचं मोठं शेत, मधोमध धूर, आणि अलीकडं लहान मुलाला बसवायची एक गाडी, चाकं वर.

"देवानं राखलं," टीव्हीसमोरून ताट उचलत शोभाअक्का म्हणाल्या. "आपलं कोणी न्हवतं."

"अकरा झाले, आपले," कोणीतरी पडद्यावर वाचलं.

"कुठले?"

"नावं यायचीत अजून."

आत्या रेवाला खांद्यावर घेऊन त्या उलट्या गाडीकडं बघत राहिल्या.

जायची वेळ झाली तेव्हा पातेल्याचा प्रश्न आला. कडू घास म्हणून शिजवलेलं अन्न परत घरात न्यायचं कसं? "मोरीत ओतू का?" शोभाअक्कांनी विचारलं.

"मोरीत कशापायी?" आत्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे झाकून. कुणाचं तरी हायच की ते."

त्या काय बोलल्या हे शोभाअक्कांना कळलं नाही. मलाही तेव्हा नीटसं कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धैर्यशीलची गाडी फाटकापाशी आली आणि तिथंच थांबली. आमची बाल्कनी रस्त्यावर पुढं आलेली होती, तिथून फाटकाची बाहेरची बाजू दिसायची; मी बघत होते. तो खाली उतरला, मान वर केली, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

फाटकावर आठ बाय सहाचा फ्लेक्स होता. काळी पार्श्वभूमी. मधोमध अंडाकृती चौकटीत फेटा बांधलेला धैर्यशील. दोन्ही बाजूंना तेवत्या समया. सर्वांत वर एक भगवी पट्टी चिकटवलेली, 'हार्दिक स्वागत'. त्याखाली 'वस्त्रनगरीचा उमदा तारा', आणि पुढच्या शब्दावर दुसरी छोटी पट्टी, 'परतला'. पट्टी आखूड पडली होती, तिच्याखालून 'नि' डोकावत होता. अगदी तळाशी पट्टी लावायची कोणाला सुचलीच नव्हती. तिथं अण्णांचा हात जोडलेला फोटो आणि ठळक अक्षरं : 'शोकाकुल : अण्णा मगदूम मित्रमंडळ'.

म्हणजे वकिलात ती ही.

धैर्यशील वर आला तो हसून हसून वाकडा झालेला. "मी जिवंत परतलो याचा अण्णांना फारच शोक झालेला दिसतोय!" माझा भाऊ साताऱ्याहून आला होता, त्यानं मामा म्हणून रेवाला खीर चाटवली, पाहुणे जेवले, आणि जाताना प्रत्येकानं फाटकावर उभं राहून धैर्यशीलसोबत फोटो काढून घेतला. एकदा वारा आला आणि वरची भगवी पट्टी फडफडून अर्धी उलटली. खालून 'भावपूर्ण' दिसलं. त्यावर तर शिट्ट्याच वाजल्या.

आत्यांनी मात्र अण्णांना गाठलं. "त्यो बोर्ड काढा."

"मावशी, दोन दिस ऱ्हाऊ दे की. पुतण्याच्या दुकानातनं केला तरी फुकट होतोय का? आन् लोकास्नी लई आवडलाय."

संध्याकाळी घरात पाहुणे लवंडले असताना मला शिलाई मशीनचा खण उघडल्याचा आवाज आला. मी बाल्कनीत गेले तोवर त्या खाली फाटकापाशी स्टुलावर चढलेल्या होत्या. हातात काळ्या मुठीची कात्री. कागदालासुद्धा कधी न लावलेली ती कात्री त्यांनी फ्लेक्सला लावली आणि त्या अंडाकृती रेघेवरून, गळा कापावा तसा सफाईनं, लेकाचा चेहरा कापून काढला. मग वरची भगवी पट्टी ओढली. छोटी पट्टीही ओढली. स्टुलावरून उतरल्या, सुरळी काखेत मारली आणि वर आल्या.

"आई, अगं काय केलंस हे?" धैर्यशीलनं विचारलं.

"माझं हुतं ते मी घेतलं," आत्या म्हणाल्या. "उरलं ते ज्यांचं हाय त्यांचं."

तो चेहरा अजून आमच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेला आहे. रेवा आता चौथीत आहे, तिला वाटतं तो बाबांच्या निवडणुकीचा फोटो आहे.

फाटकावर उरला तो फ्लेक्स असा होता : भावपूर्ण श्रद्धांजली. वस्त्रनगरीचा उमदा तारा निखळला. दोन समया. मधे भोक. शोकाकुल, अण्णा मगदूम मित्रमंडळ. दुसऱ्या दिवशी सकाळी येणारा-जाणारा थांबून विचारू लागला, कोण गेलं? भाजीवालीनं शोभाअक्कांना विचारलं, तेव्हा मी बाल्कनीत रेवाला ऊन दाखवत होते.

"कोण न्हाई गं," शोभाअक्का म्हणाल्या. "आपलं कोणी न्हाई."

"मग बोर्ड कुणाचा लावलाय?"

शोभाअक्का मेथीची जुडी निवडत राहिल्या. मग पैसे देऊन आत गेल्या, आणि थोड्या वेळानं अण्णा तरातरा खाली आले.

ते फाटकाच्या आतल्या बाजूनं स्टुलावर चढले आणि मागून दोऱ्या सोडायला लागले. गाठी पक्क्या होत्या. एक गाठ दातानं सोडवायला ते पुढं झुकले, आणि रस्त्यावरचे चार-पाच जण एकदम थांबले. 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या खाली, दोन समयांच्या मधे, चौकटीत बरोबर मावलेला, अण्णांचा घामेजलेला चेहरा आला होता.

रेवानं कडेवरून टाळ्या पिटल्या. तेव्हा नुकत्याच शिकली होती ती.

अण्णांनी तसंच, त्या भोकातून, वर बघितलं. "वैनी, हसताय काय? गाठ सुटंना झालीय. मावशींची कात्री तेवढी टाका खाली."

मी आत वळून सांगितलं, "आत्या, अण्णा कात्री मागतायत."

आत्या मशीनवर रेवासाठी झबलं शिवत होत्या. त्यांनी पाय थांबवला नाही.

"कापडाची हाय म्हणावं."